आग न लागलेली वाटी

माय,

आज डांगर कापलं; बाजारवाले आता त्याला खरबूज म्हणतात. तुझ्या नातीला उन्हाळी शिबिरात गॅस न पेटवता एक पदार्थ करून दाखवायचा आहे, आणि ती सकाळपासून मोबाइलमध्ये पाहून मला यादी वाचून दाखवत होती. साय हवी, डब्यातला अननस हवा, वरून चेरी हवी. या दिवसांत साकोलीच्या बाजारात काय मिळतं ते मोबाइलला कोण सांगणार? मी म्हटलं, तुझी आजी डांगर, केळी आणि चारोळीच्या झाडाची चारं एवढ्यात भागवायची आणि त्या वाटीसाठी माणसं ताटकळत बसायची. ‘माणसं’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळली, पण तिच्या लक्षात आलं नाही. तिनं तुला पाहिलेलंच नाही. तू गेलीस त्याला सोळा उन्हाळे झाले आणि तिला आता बारावं लागलंय.

सगळं तू शिकवलंस तसंच केलं. डांगर आधी नाकाशी धरलं, देठाकडून वास आला तेव्हाच विळीवर घेतलं. बिया जाळीसकट वेगळ्या काढल्या, एकही राहू दिली नाही. चारं धुऊन आख्खीच टाकली. केळी सगळ्यांत शेवटी, नाहीतर काळी पडते. बडीसोप खलबत्त्यात दोनच ठोक्यांत फोडली. मिठाची चिमूट, अर्धं लिंबू आणि साखर मात्र अगदी वाढायच्या वेळी, कारण आधी घातली की फळ रडायला लागतं असं तू म्हणायचीस. त्याआधी भांडं माठाखालच्या ओल्या रेतीत तासभर रुतवून ठेवलं. आंबा घातला नाही, अक्ती परवा आहे, कॅलेंडरातली अक्षय तृतीया, आणि त्याआधी आंबा फोडायचा नाही. लेक म्हणाली, ‘एवढंच?’ मी म्हटलं एवढंच. तिचं तोंड जरा उतरलं, पण पहिला घास घेतल्यावर ती खातच राहिली.

घोळ झाला तो वाढताना. घरात आम्ही दोघीच. तुझा जावई नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. तरी मी तीन वाट्या भरल्या. एरवी ती शाळेत असताना भरते म्हणून कुणी विचारणारं नसतं. आज तिनं विचारलं, ‘आई, तिसरी कोनाची?’ मी म्हटलं, उरलं ते काढून ठेवलं. खोटं बोलायला मी तुझ्याकडून शिकले नाही, ते माझं मीच कमावलं. त्यात सकाळीच मोठी मायचा, तुझ्या थोरल्या जावेचा, फोन येऊन गेला होता. ती आता ऐंशीच्या घरात, मुलाकडं नागपूरला असते, डोळ्यांनी अधू झाली आहे, पण अक्तीच्या आधी फोन करायला विसरत नाही. ‘काय व, तुझ्या मायचा घास टाकतेस न बरोबर?’ मी म्हटलं, हो मोठी माय. फोन ठेवला. तेव्हाच ठरवलं की बाबांच्या वाटीचं जे झालं ते तुला आता सांगून टाकायचं. ती वाटी त्या दिवशी भरलेली का राहिली हे तुला कळलं होतं की नव्हतं, हा प्रश्न मी एकवीस वर्षं चघळते आहे. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

जिल्हा फुटून दोन झाले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेरा वर्षांची. मोहाडीकडच्या आपल्या त्या घरात मधल्या खोलीत विणायचा हातमाग, मागाखाली बाबा पाय सोडून बसायचे तो खड्डा, आणि तो माग तेव्हा वर्षातले सहा महिने रिकामाच असायचा. म्हणून उन्हाळ्याचे पंधरा-वीस दिवस बाबा साकोलीच्या पुढं जंगलात तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी म्हणून जायचे. लोक पहाटे तोडलेल्या पानांची पुडकी आणून तिथं मोकळ्या जागेत वाळत घालायचे आणि बाबा ती पाहून वहीत लिहायचे. सायकल बसच्या टपावर चढवून ते निघाले तेव्हा तू डब्यात हेच दिलं होतंस. शिजवलेलं अन्न उन्हात आंबतं म्हणून त्यांच्या डब्यात पोळीभाजी कधी नसायची. नदीच्या रेतीतल्या वाडीतून डांगर त्यांनीच आदल्या दिवशी आणलेलं. जाताना म्हणाले, ‘अक्तीले येतो, तोवर आंबा फोडू नको.’ तू म्हणालीस, ‘मी कायले फोडू?’ एवढंच. नवराबायकोचं शेवटचं बोलणं आंब्यावर व्हावं हे मला पुढं फार लागायचं.

पाचव्या दिवशी निरोप आला. सायकल एका मोहाच्या झाडाशी स्टँडवर नीट उभी होती, कुलूप लावलेलं. कॅरिअरवर डबा धुऊन पालथा घातलेला. जवळपास पाणी कुठं नव्हतं, तरी डबा धुतलेला होता, हे सांगणाऱ्या माणसानं दोनदा सांगितलं. चप्पल नाही, खांद्यावरचा दुपट्टा नाही, रक्ताचा थेंब नाही. जंगलातली जाणती माणसं आठ दिवस फिरली. वाघानं नेला असता तर काही उरलं असतं, असं त्यांनीच म्हटलं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तुला आणि मला घेऊन पोलिसांत हरवल्याचा कागद करायला गेले, तर ते झाड जुन्या जिल्ह्यात की नव्या यातच चार फेऱ्या झाल्या. कुणी वाईट वागलं नाही, बसवून पाणी दिलं. पण नकाशावर बोट ठेवून कुणालाच सांगता येईना की बाबा कोणत्या बाजूला हरवले. परतताना बसमध्ये तू मला म्हणालीस, ‘म्हंजे ते मधातच हायेत.’ तुझा आवाज अगदी शांत होता आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

वर्षानं अक्ती आली तेव्हा मोठे बाबा हळूच म्हणाले की यंदा त्याचाही घास टाकू. तुला आठवतं ना, अंगण दोन्ही घरांचं एकच होतं. अंगणात गोवऱ्यांचे निखारे करायचे, वडे-कढीचा स्वयंपाक झाला की गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन निखाऱ्यावर तूप आणि घास सोडायचा. ज्याच्या नावानं सोडला त्याला तो पोचतो आणि तो पितरांत जाऊन बसतो. चितेनं माणूस जातो, घासानं पोचतो, असं मोठी माय सांगायची. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘ज्याले आग देल्ली तो मेला. त्यायले कोनी आग देल्ली? तुमी देल्ली? मंग त्यायच्या जेवनाले मी आग लागू देनार नाही.’ मोठे बाबा वरमले. थोरल्या दिराशी तू इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली होतीस.

त्या दुपारपासून ती वाटी सुरू झाली. विस्तव न लागलेली. आम्हा दोघींची वाढून झाली की तिसरी वाटी तू मधल्या खोलीत नेऊन मागाच्या खड्ड्याच्या काठावर ठेवायचीस, वर ओला फडका टाकायचीस आणि दार ओढून घ्यायचीस. बाहेर उन्हाचा कडाका, गल्लीत कुत्रंही नाही, गावात सगळीकडं दारं लावलेली. तू मला कुशीत घेऊन ओसरीच्या खोलीत झोपायचीस. चारच्या सुमाराला उठून पाहावं तर वाटी रिकामी. सुरुवातीला मला वाटलं मांजर. मग वाटलं तूच. बाईमाणूस दुःखात काय काय करतं, असं मोठी मायनं मला समजावलंही होतं. मीही समजूतदार मुलीसारखी मान हलवली होती.

पण बियांचं काय करायचं, माय? बाबांना डांगराच्या बिया टाकवायच्या नाहीत. खाता खाता त्या तोंडातून काढून खड्ड्याच्या काठावर एका ओळीत मांडत जायचे, वाळल्या की सोलून मला द्यायचे. आणि तू तर त्या वाटीतली एकूण एक बी काढलेली असायची, मी शेजारी बसून पाहिलेलं असायचं. तरी चार वाजता काठावर बियांची ओळ असायची. ओल्या. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तुला हाक मारायला तोंड उघडलं आणि मागं वळले तर तू दारात उभीच होतीस. तू हसत होतीस. वर्षभरात तुला हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही हसले. बिया तू पदरात गोळा केल्यास आणि वाळल्यावर सोलून मला दिल्यास. मी त्या खाल्ल्या नाहीत. कोनाड्यातल्या डबीत साठवत गेले.

दुसऱ्या वर्षी मी पंधरा वर्षांची, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला सगळं पाहायचंच असतं. तुला झोप लागल्यावर मी उठले आणि मधल्या दाराच्या फटीला डोळा लावला. आत कौलांच्या फटींतून उन्हाच्या दोन-तीन रेघा. मागावर सुताचा ताणा नव्हता, नुसता लाकडाचा सांगाडा. आणि खाली पायाच्या पावड्या हलत होत्या. एक खाली, दुसरी वर. घाई नाही. काम नसताना बाबा पाय नुसते हलवत बसायचे तसं. वाटीवरचा फडका बाजूला काढून ठेवलेला होता. मी श्वास धरून पाहत राहिले आणि काहीच झालं नाही. पावड्या थांबल्या. वाटी तशीच राहिली. मग माझ्या लक्षात आलं की आत जे कुणी होतं ते माझ्या जाण्याची वाट पाहत होतं. मी उलट्या पावलांनी तुझ्याजवळ येऊन पडले. तू डोळे न उघडता म्हणालीस, ‘जेवताना कोनी पाह्यलं का त्यायले आवडत नाही. मालूम हाये न तुले?’ त्यानंतर मी फटीशी गेले नाही. खरंच गेले नाही.

भीती वाटायची का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? बाबा होते ते. मला वाटायची ती भीती तुझी होती. उन्हाळा आला की तू बदलायचीस. पावसाळाभर, हिवाळाभर बोबिनं भरून, दुसऱ्यांच्या शेतात रोवणी-निंदण करून वाकलेली तू, फाल्गुन सरला की डोक्याला तेल लावून वेणी घालायचीस. नदीवरून डांगर निवडून आणायचीस. दुपारी दार ओढून घेतलं की आतल्या बाजूला कान लावून बसायचीस. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तू भात सोडलास. म्हणालीस गरम अन्न जात नाही. भात नाही, पोळी नाही, वाटीभर फळं आणि पाणी. चौथ्या उन्हाळ्यात तुझ्या गळ्याची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी सतरा वर्षांची, स्वयंपाक मी करायची, ताट तुझ्यासमोर ठेवायची, आणि तू ते माझ्याकडं सरकवून प्रेमानं म्हणायचीस, ‘तू खा. तुले वाढाचं हाये.’

अक्तीच्या आदल्या दुपारी मी पाणी प्यायला उठले तर तू ओसरीत नव्हतीस. मधलं दार उघडं होतं. तू खड्ड्यात पाय सोडून बसली होतीस, बाबांच्या जागेच्या शेजारी, थोडी जागा सोडून. वाटी दोघांच्या मध्ये. माझ्याकडं पाहिलंस तेव्हा तुझा चेहरा लग्नातल्या फोटोत आहे तसा होता. ‘ते म्हनून राह्यले,’ तू म्हणालीस, ‘का तू बी ये म्हनून. तिकडं गार हाये म्हने.’ मी विचारलं, ‘मंग तू काय म्हनली?’ तू म्हणालीस, ‘पोरीचं पाहून येतो म्हनलं.’

पोरीचं पाहून. म्हणजे मला कुठंतरी उजवून. मी त्या दिवशी रात्री जेवले नाही आणि तुला राग आला असं मी म्हणणार नाही, तुझं लक्षच नव्हतं. माय, मी बाबांचा फार राग केला. इतका राग मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. हरवायचं ते हरवले, वर माझी आईही मागायला लागले.

अक्तीला सकाळी मोठी मायनं अंगणात निखारे केले. तू आत डांगर कापत होतीस. मी स्वयंपाकघरात आले, तुझी पाठ होती, आणि बाबांच्या वाटीसाठी तू बाजूला काढलेल्या फोडींतली एक मी उचलली. ती गार होती, हातातून सुटत होती. अंगणात गेले. मोठी माय आपल्या सासूसासऱ्यांचे घास टाकून उठतच होती. मी चमचाभर तूप सोडलं आणि बाबांचं नाव घेऊन फोड निखाऱ्यावर ठेवली. ती लवकर जळेना. आधी नुसती चुरचुरली, मग तिच्यातलं पाणी फुटलं, मग साखरेचा जळका गोड वास सुटला. मग कडा काळ्या पडल्या आणि ती आकसत गेली. बाबांना चिता मिळाली नव्हती. मी त्यांना डांगराच्या फोडीवर अग्नी दिला. मोठी मायनं पाहिलं. ओंजळीत पाणी घेऊन तिनं निखाऱ्याभोवती फिरवलं, जसं बाकीच्यांसाठी फिरवलं होतं तसंच.

आत मागाच्या खोलीतून एक आवाज आला, लाकूड लाकडावर पडल्याचा. एकच. विळीचा आवाज बंद झाला. मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं विळीचा आवाज परत सुरू झाला.

दुपारी तू वाटी ठेवलीस, फडका टाकलास, दार ओढलंस. चार वाजता वाटी भरलेली होती. साखरेनं फळांना पाणी सुटून फोडी वर तरंगत होत्या. काठावर एकही बी नव्हती. तू फडका परत टाकून म्हणालीस, ‘आज उशीर झाला असन.’ दुसऱ्या दिवशी नवी वाटी ठेवली नाहीस, तीच राहू दिलीस. तिच्यापुढं जमिनीवर बसून राहिलीस. खोलीत आंबूस वास भरला, मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी तू ती वाटी उचलून माझ्यासमोर आणून ठेवलीस. मुंग्या बोटानं काढून टाकल्यास. म्हणालीस, ‘घे. आता तूच खा. घरात खानारं दुसरं कोनी नाही.’ मी खाल्लं. आंबलेलं, फसफसलेलं, शेवटच्या फोडीपर्यंत. तू समोर बसून पाहत होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी तिथंच सगळं ओकून टाकलं असतं. मग तू उठलीस, आरशासमोर गेलीस आणि स्वतःच्या हातानं कुंकू पुसलंस. कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री तू भात खाल्लास. दोनदा मागून घेतलास.

हेच मला हवं होतं ना? तू जगलीस. अंगावर मांस आलं, रोवणीला जायला लागलीस, माझं लग्न केलंस. मोठी माय सगळ्यांना सांगायची की बाई सावरली. पण वेणी तू परत घातली नाहीस आणि डांगर घरात आणलं नाहीस. मला सासरी पाठवताना सगळ्या बायका रडत होत्या, तू माझ्या हातात ती बियांची डबी ठेवलीस. मी लपवली होती कोनाड्यात, तुला कधी सापडली कोण जाणे. मला तेव्हा वाटलं आता तू बोलशील. तू म्हणालीस, ‘बस निघन, चाल.’ दुसऱ्याच हिवाळ्यात तू तापानं गेलीस. मी पोचले तोवर मोठे बाबांच्या मुलानं तुला अग्नी दिला होता. मला तुझा चेहरा पाहायला मिळाला नाही. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, साकोलीहून बस उशिरा सुटली.

तेराव्याला मोठी मायनं विचारलं, ‘तिचा अक्तीचा घास आमी टाकाचा का तुझ्या घरी टाकतेस?’ लेकीनं टाकायची आपल्यात रीत नाही, पण तुला मुलगा नाही म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, मी टाकते. इतक्या पटकन म्हटलं की तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं.

त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा डांगर कापलं. आम्ही दोघं नवराबायको, आणि वाट्या तीन भरल्या. तिसरी माठाजवळ ठेवली आणि दुपारी पडले. उठून पाहिलं तर वाटी धुऊन पालथी घातलेली. विळी मिटून, पातं भिंतीकडं करून ठेवलेली, तू ठेवायचीस तशी. मी ती तशी ठेवत नाही, मला घाई असते. आणि सकाळी काठोकाठ भरलेला माठ अर्ध्यावर आलेला. नवरा म्हणाला पाझरत असेल. मी नवा माठ आणला, तोही अर्ध्यावर आला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेच चाललंय, घरं दोनदा बदलली तरी. घरात तुझी चाहूल असते, पायाचा आवाज नसतो, फक्त सोपेचा वास येतो आणि कुणीतरी घटाघट पाणी पितंय असं पडल्या पडल्या ऐकू येतं. मी उठत नाही. मला एकदा शिकवलेलं मी विसरत नाही.

तू तहानेली आहेस, माय. हे मला कळतं आणि मला ते खातं. घास पोचलेला नाही म्हणून तुला माझ्या माठावर यावं लागतं. तुला अग्नी मिळाला, घास मिळाला नाही. ते मी हातानं अर्धं ठेवलं आहे. सोळा अक्त्या झाल्या, एकदाही तुझ्या नावानं मी निखाऱ्यावर काही सोडलेलं नाही. मोठी मायला हो म्हणते, नवऱ्याला सांगते सकाळीच उरकलं, अंगणात चार गोवऱ्यांची राख दिसावी म्हणून नुसत्याच पेटवते. कारण घास टाकला की काय होतं ते मी पाहिलंय. बाबा उठून गेले ते परत आले नाहीत. मला तू जायला नको आहेस. तुझ्यावर माया आहे म्हणून म्हणावं तर मायेनं कुणी आईला तहानेलं ठेवत नाही. मला एकटीला दुपार सोसत नाही, हेच खरं.

हे पत्रही तसंच. निखाऱ्यावर ठेवलं तर तुला पोचेल. म्हणून ते मी तिथं ठेवणार नाही.

तू मला अजून ‘ये’ म्हणालेली नाहीस. पण या उन्हाळ्यात मला गरम अन्न जाईनासं झालंय, हे मी कुणाला बोलले नव्हते. मघाशी तुझी नात आली, माझ्या मनगटातली बांगडी बोटानं वर सरकवून पाहिली, ती कोपरापर्यंत गेली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘आई, परवाचे आजीचे निखारे मी पेटवू? मले येते पेटवता.’ मी म्हटलं, बघू. ती खेळायला गेल्यावर मी गोवऱ्यांचं पोतं ओढत नेऊन शेजारणीच्या न्हाणीत लपवून आले.